पोर्तुगीज 'इंझुश्तीसा' म्हणजे अन्याय, पण शब्द आला कुठून?

मी रेवदंड्याचा. खाडीपलीकडे कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवरून आलेली बोली अजून बोलतात ना, म्हणून मी पोर्तुगीज शिकायला घेतलीय. काल हा शब्द आला आणि डोक्यातून जाईना. कोणी फोड करून सांगेल का?

उत्तर १: दादा, मूळ लॅटिन 'इनिउस्तितिया'. 'इन' म्हणजे आपला नकाराचा 'अ', 'युस्तुस' म्हणजे न्यायाला धरून, आणि त्याच्या मुळाशी 'युस', म्हणजे कायदा, हक्क. म्हणजे बांधणी अगदी अ + न्याय. या 'युस'चं नातं ऋग्वेदातल्या 'शं योः' मधल्या 'योस्'शी (म्हणजे कल्याण, क्षेम) लावतात, मला तर हे वाचून काटाच आला!

उत्तर २: पोर्तुगीजमधलाच 'इनिक्विदाद' पण बघा, तोही अन्यायच, पण मुळात लॅटिन 'एक्वुस' म्हणजे सपाट, समान, त्याला तोच नकाराचा 'इन' लागला. आपलं विषम. भाताचं खाचर सपाट नसलं की वरच्या कोपऱ्यातलं रोप सुकतं नि खालचं कुजतं, तसंच ते.

रेवदंडेकर: वा, खाचराचं एकदम पटलं! आणि आपला 'तुरुंग' पण पोर्तुगीज 'त्रोंकु'वरूनच ना, म्हणजे झाडाचं खोड, कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. आपल्याकडेही खोड आणि खोडा, बघा!