मदत हवी आहे: स्टीअरिंग जड झालंय, रॅक बदलू का?

डिचोलीकर: पॉवर स्टीअरिंग जड झालंय, वळवताना आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो रॅकच (स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) बदला. खर्च मोठा आहे. चवथीला घरची सगळी माणसं येणार, त्याआधी गाडी नीट हवी. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

सत्तरीकर: गाडी कुठली? साल? तेलाचं स्टीअरिंग की इलेक्ट्रिक?

डिचोलीकर: जुनी गाडी आहे. रॅक बदलायचा की नाही तेवढं सांगा ना.

म्हापसेकर७२: आधी पुढच्या टायरांची हवा बघा. माझी अशीच जड झाली होती, शुक्रवारच्या बाजारात गाडी लावताना हात भरून आले. हवा भरली, काम झालं.

सत्तरीकर: हवा कमी असली तर जड होईल, आवाज कसा येईल? डिचोलीकर बाब, मॉडेल सांगा. जड कधी लागतं? दोन्ही बाजूंना की एकाच? आवाज कुईंऽ की घूंऽ?

डिचोलीकर: एस्टीम, २००४. पार्किंग करताना जड, रेस केली की हलकं. दोन्हीकडे सारखंच. आवाज घूंऽ असा.

सत्तरीकर: मग रॅकला एवढ्यात हात लावू देऊ नका. रेस केल्यावर हलकं होतं म्हणजे आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) स्टीअरिंगचं तेल ढकलणाऱ्या पंपाचा दाब पुरत नाही. पंपाचा बेल्ट सैल असेल (तो बहुतेक कुईं करतो), तेल कमी असेल, तेलात हवा शिरत असेल, नाहीतर पंप झिजला असेल. रॅक गेला तर बऱ्याचदा एका बाजूला जास्त जड लागतं, किंवा त्याच्या रबरी बुटात (टोकाच्या कव्हरात) तेल साठतं. बूट दाबून बघा. स्टीअरिंगच्या टाकीतलं तेल कसं दिसतं?

फोंडेकर: एवढं तपासत कशाला बसायचं? सेकंडहँड पंप घाला. मी घातला, अजून चालतोय.

सत्तरीकर: कारण न शोधता पंप बदला म्हणणं आणि रॅक बदला म्हणणं सारखंच आहे.

फोंडेकर: माझी गाडी चालते हे खोटं आहे का?

कुडचडेकर: २००४ ची ना? आरसी रिन्यू केली का? खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावी लागते. २०२४ ची राहिली असेल तर आधी ते बघा.

डिचोलीकर: आरसी झालीय. बूट कोरडे आहेत. तेल गुलाबी आहे, पण वर फेस. कमी नाही.

सत्तरीकर: फेस म्हणजे हवा शिरतेय, घूंऽ आवाजही त्याचाच. टाकीतून पंपाकडे जाणारा पाइप बघा. तिथे पंप तेल ओढतो, म्हणून क्लिप सैल असली की गळती दिसत नाही आणि हवा मात्र आत जाते. पाइप बदलल्यावर पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू करून पुन्हा. टोकाला दाबून धरू नका. तेल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात.

डिचोलीकर: पाइप क्लिपपाशी चिरलेला निघाला. पाइप आणि क्लिपा बदलल्या, हवा काढली. फेस नाही, आवाज नाही, एका हाताने फिरतंय. रॅक आहे तोच. देव बरें करूं!

पेडणेकर: माझ्या वॅगन आरचंही जड झालंय, डॅशबोर्डवर दिवा लागतो. कुठलं तेल घालू?

सत्तरीकर: त्यात तेल नसतं, मोटर असते. बॅटरी आणि फ्यूज तपासा. नवा धागा काढा, साल पहिल्याच ओळीत लिहा.