पोटाखाली ११/२५ लिहिलेला सिरॅमिकचा बैल, ६,५०० ला घ्यावा का?

सांगलीकरीण:
बहिणीची विश्रामबागला वास्तुशांत आहे. इथल्या एका प्रदर्शनात वीतभर उंचीचा सिरॅमिकचा बैल बघितला. खिलारच वाटतो, शिंगं मागे झुकलेली, वशिंडावरून निळी झिलई ओघळून मध्येच थांबलेली. पोटाखाली ११/२५ आणि कलाकाराची सही. विकणारा म्हणतो, हातानं केलाय, असे पंचवीसच. आई म्हणते एवढ्यात पितळेची समई येईल. नुसत्या आकड्याला पैसे मोजायचे का? आणि पंचवीसही सारखे असतील तर हातानं केले कसे म्हणायचे?

मातीवेडा, सातारा:
ताई, शेवटचा प्रश्न नेमका आहे. माझी शाहूपुरीत छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे, त्यामुळं जरा लांबण लावतो.

सारखे असतील तर साच्यातले. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओततात, प्लास्टर पाणी ओढून घेतं, कडेनं थर धरतो, उरलेली माती ओतून काढतात. यात लबाडी काही नाही. शिवण घासणं, शिंगं जोडणं, झिलई चढवणं हातानंच होतं. नग काढत गेलं की साच्यातले बारकावे बोथट होतात, म्हणून आकडा ठरवण्यालाही अर्थ आहे. फक्त ‘साच्यातला’ असं त्यानं सांगायला हवं. दुसरा नग शेजारी ठेवायला लावा. वशिंडाचा उतार, कानाची ठेवण तंतोतंत एक असेल तर विषय संपला.

मग बैल आडवा करा. पोटाला कुठंतरी बारीक भोक हवं. आत हवा आणि ओल कोंडली तर असं काम भट्टीतच फुटतं. खुराखाली झिलई नसेल तिथं पाण्याचा थेंब ठेवा. लगेच प्यायला तर कमी आचेवरचा. १,२०० अंशांच्या वर नीट भाजलेली पक्की माती, म्हणजे स्टोनवेअर, पाणी फारसं पीत नाही. नखानं वाजवल्यावर बद्द आवाज आला आणि हाताला गार लागलं नाही, तर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं ओतीव काम असेल, सरळ चालू लागा.

मी पैसे मोजेन ते पायांना. स्टोनवेअरच्या आचेत माती मऊ पडते, धडाच्या वजनानं पाय फाकतात, म्हणून पोटाखाली टेकू लावून भाजावं लागतं. सपाट काचेवर ठेवून बघा, चारही खूर टेकले तर माणूस कसबी.

गावभागातला काका:
२०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात कृष्णामाई आली. प्लायवुडचं शोकेस फुगलं, शाडूचा गणपती विरघळला. भाजलेल्या मातीचा घोडा तेवढा धुऊन पुसून परत ठेवला. समईही धुऊन ठेवली म्हणा, आईंचंही चूक नाही.

सांगलीकरीण:
जाऊन आले. साच्यातलाच आहे, विचारल्यावर कबूल केलं. भोक आहे, थेंब तसाच राहिला, काउंटरच्या काचेवर डुगडुगला नाही. पण साचा मोडणार नाही म्हणतो, पुढं हिरव्या झिलईत काढणार. मग पंचवीसच कसे?

मातीवेडा, सातारा:
‘या झिलईत पंचवीस’ असं बिलावर लिहून घ्या, नाहीतर त्या आकड्याला काही किंमत नाही. आणि भाव करा की! साच्यातला म्हटल्यावर पाच हजारांच्या वर जाऊ नका. शिंगांना वेगळा कागद गुंडाळायला सांगा, आधी तीच मोडतात.




सांगलीकरीण:
५,२०० ला दिला. बिलावर लिहून घेतलंय.