बॅटरी आधीच फरशीखाली आहे

बॅटरी नसेल तर सोलरवर हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात ओढणारं यंत्र) चालवण्यात अर्थ नाही, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटलं. फ्लोअर हीटिंग (फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून घर तापवणं) असेल तर फरशीखालचा ६-७ सेंटिमीटरचा सिमेंटचा थर हीच बॅटरी. बिडाच्या तव्यासारखा तो उशिरा तापतो आणि उशिराच निवतो. आमच्याकडे (जर्मनीत, श्टुटगार्टजवळ) मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरात दुपारी छतावरची वीज उरली की 'एसजी रेडी' या, हीट पंपाला बाहेरून इशारा देण्यासाठीच्या जोडणीच्या तारेवरून हीट पंपाला इशारा जातो. मग तो पाणी दोन-तीन अंश जास्त तापवतो आणि रात्री बराच वेळ गप्प असतो. फक्त दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या असलेल्या खोलीत हे करू नका, ऊन आणि फरशी मिळून घाम काढतात!

फरशीला ३०-३५ अंशांचं पाणी पुरतं म्हणून हे परवडतं. जुन्या रेडिएटरना (खोली तापवणाऱ्या, भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या पेट्यांना) ५५ अंशांचं लागलं की पंप वीज खायला लागतो. डिसेंबरातही सोलरवर हे चालेल असं स्वप्न कुणी विकत असेल तर मात्र घेऊ नका. जर्मनीत तेव्हा पॅनेल जूनच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी वीज देतात, तीही घरातल्या दिव्या-फ्रिजमध्येच संपते. अशा वेळी विकतची बॅटरीसुद्धा रिकामीच बसते.