मदत हवी आहे : गरोदरपणातला आहार आणि मुलाचं पुढे मोठेपणीचं हृदय (इंदूर)

राजवाडा_कट्टा
वहिनीला चौदावा आठवडा आहे. उंची १५४ सेंमी, वजन ४३ किलो, हिमोग्लोबिन १०.२. अंडंही चालत नाही. सकाळी सेव घातलेले पोहे, दोन्ही वेळा पोळी-भाजी-वरण, दिवसातून चार चहा. लोहाची गोळी मळमळते म्हणून चहाबरोबर घेते. आमच्या घराण्यात पन्नाशीच्या आतले हार्ट अटॅक आहेत. आईच्या खाण्यावर मुलाचं पुढचं हृदय ठरतं म्हणतात, ते कितपत खरं? आणि आता काय बदलायचं? डिंकाचे लाडू जोरात सुरू आहेत.

वरणफळ
'ठरतं' नाही, कल तयार होतो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये तिथल्याच हर्टफर्डशायर परगण्यातल्या बाळांच्या जुन्या नोंदी तपासल्या. जन्मतः आणि वर्षाचे असताना वजनाला कमी असलेले पुरुष हृदयविकाराने जास्त दगावले होते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात ज्यांची आई सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी होती, त्यांचं जन्मवजन ठीक भरलं, तरी मोठेपणी हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे नुसत्या काट्यावर विसंबू नका.

कारण असं की मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच बनतात. कमी बनल्या तर उरलेल्यांवर आयुष्यभर ताण येतो आणि रक्तदाब चढतो. हृदयाच्या स्नायूपेशीही बहुतेक जन्माआधीच तयार होतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा, १९९३ पासूनचा अभ्यास आपल्या जास्त कामाचा. तिथली बाळं वजनाला कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र टिकून. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेत त्यांची बाळं अंगाने भरलेली होती. नुसत्या कॅलरींशी तसा संबंध दिसला नाही. तेव्हा लाडू रोज एक पुरे, तोही जेवणाऐवजी नको.

मेथीची_जुडी
आधी तो चहा सोडवा. चहातलं टॅनिन लोह अडवून धरतं. गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. चहा-दूध तासभर तरी लांब. कॅल्शियम ५०० मिग्रॅ दोनदा, नाश्त्याबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर, लोहापासून निदान दोन तास दूर. शौचाला काळं झालं तर घाबरू नका.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. सरकारी पद्धतीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी एरवी रोज एक, ॲनिमियात दोन. दोन करायच्या का, ते डॉक्टरच सांगतील. महिन्याने पुन्हा मोजा. एक ग्रॅमही वाढलं नाही तर कारण शोधावं लागतं.

अंडंही नाही म्हणजे बी१२ जीवनसत्त्व तपासायलाच हवं. फॉलिकने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि बी१२ ची कमतरता झाकली जाते, नसांचं नुकसान चालूच राहतं. पुण्याच्याच अभ्यासात आईचं बी१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिकच) जास्त असेल, तर सहा वर्षांच्या मुलांत साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देणं जास्त आढळलं. म्हणून फॉलिक बंद करू नका, बी१२ जोडून घ्या.

ताटात: दूध-दही मिळून अर्धा लिटर, दोन्ही वेळा घट्ट वरण, मूठभर फुटाणे. पोह्यांवर सेवेऐवजी वाफवलेले मोडाचे मूग, शेंगदाणे, भरपूर लिंबू (इंदूरकर नाक मुरडतील, मुरडू देत). रोज एक पालेभाजी: पालक, मेथी, बथुआ, राजगिरा. तिसऱ्या तिमाहीत प्रथिनं एरवीपेक्षा २२ ग्रॅम जास्त लागतात.

तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८ च्या आसपास, म्हणजे कमीच, म्हणजे पूर्ण गरोदरपणात १२.५ ते १८ किलो वाढ हवी; आता आठवड्याला साधारण अर्धा किलो. गरोदरपणातल्या मधुमेहासाठीची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी झाली नसेल तर आत्ता, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली तर लाडू बंद. आईची साखर चढली की बाळ ती चरबीत साठवतं.

राजवाडा_कट्टा
बाळ बारीक निघालं तर नंतर वजन भरून काढता येतं ना?

वरणफळ
पहिल्या वर्षातली वाढ चांगलीच. सहा महिने फक्त आईचं दूध. धोका दोन वर्षांनंतरचा. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या नोंदींत जन्मतः लहान आणि दोननंतर भराभर जाड झालेल्यांना हृदयविकार जास्त होता. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे वजनाबरोबर उंचीही नोंदवून घ्या.