संख्यामालिकेत फार वेळ जातोय, आधी काय बघायचं?

भरतीवाला: पोलीस भरतीच्या लेखीची तयारी चालू आहे, ९० मिनिटांत १०० प्रश्न, आणि मी एकेका मालिकेवर तीन-तीन मिनिटं घालवून बसतो. ७, २६, ६३, १२४, २१५, ? हिचं उत्तर ३४२ दिलंय पण आलं कसं ते कुठंच लिहिलेलं नाही. कोणी सांगेल का?

घनमूळ: अरे घन वजा १ आहे. २ चा घन ८, त्यातून १ गेला ७, ३ चा २७ वजा १, असं करत ७ चा ३४३ वजा १. १५ पर्यंतचे घन अन ३० पर्यंतचे वर्ग पाठ कर, नुसतं बघून कळतं मग.

फरकवाले काका: पाठ नसले तरी सुटते की! फरक काढ, १९, ३७, ६१, ९१. त्यांचा परत फरक १८, २४, ३०, म्हणजे पुढे ३६, मग ९१+३६=१२७ आणि २१५+१२७=३४२. आकडे मधेच वर मधेच खाली जात असतील तर बहुतेक दोन मालिका एकात घुसवलेल्या असतात, जसं ४, ३०, ८, २५, १६, २०, ३२, ? यात ४, ८, १६, ३२ वेगळी आणि ३०, २५, २० वेगळी, उत्तर १५.

शंकासुर: पण १, २, ४, ८, १६ पुढे ३२च कशाला? वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडले तर जास्तीत जास्त भाग असेच वाढत जातात आणि सहाव्या बिंदूला ३१ होतात.

घनमूळ: खरंय रे, पण पर्यायात ३१ नसेल तर भांडणार कुणाशी 😄

भरतीवाला: काका, फरकाचा फरक पण सारखा नाही आला तर?

फरकवाले काका: मग गुणाकार बघ, दुप्पट अधिक १ वगैरे. तेही नाही जमलं तर खूण करून पुढं जा.