सिस्सूला पार्किंग वाढवून जाम सुटणार नाही

डोंगरवाट:
काल इथे एकाने लिहिलं की मनालीहून अटल टनेलच्या पलीकडे, लाहौलमधे, सिस्सू-कोकसरला हायवेच्या कडेने मोठं पार्किंग करा, बर्फात खेळायला येणाऱ्यांची सोय होईल आणि जाम आपोआप सुटेल. तिथेच उत्तर देत होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

गाडी लावायला जागा नाही म्हणून जाम होतो हेच मला पटत नाही. टनेलचं डिझाइन दिवसाला ३००० कार आणि १५०० ट्रकचं आहे, आणि २०२३ च्या नाताळात एका दिवसात २८ हजारांवर गाड्या गेल्या त्यातून! पलीकडे अजून हजार गाड्यांची जागा केली की अजून हजार गाड्या येणार, आणि त्या येणार त्याच एका रस्त्याने. रोहतांग खिंडीला एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) रोज १२०० गाड्यांची मर्यादा घातली, टनेलला परमिट नाही, मग गर्दी तिकडे वळली. आणि रस्त्याकडेची ती जागा मोकळी दिसते म्हणून मोकळी नसते हो, डोझर बर्फ ढकलतो तो तिथेच साठतो. तिथे गाड्या लावल्यावर बर्फ कुठे टाकायचा?

चाकोरीबाहेर:
साफ असहमत. लोक येतायत, येणारच. जागा दिली नाही तर रस्त्यावरच दोन्ही बाजूंना लावतात, मधे दीड लेन उरते आणि तुमचा तो डोझरही अडकतो.

डिसेंबर २०२४ मधे मनालीच्या बाजूला सोलंग ते टनेल हजारभर गाड्या अडकल्या होत्या ना, त्यात आम्ही होतो. आई सोबत, मधुमेह आहे तिला. रात्र झाली, काचेला आतून बर्फ धरला, मी क्रेडिट कार्डाने खरवडत होतो. बायकांना जायला जागा नाही. शेवटी माझी बहीण आणि मागच्या गाडीतल्या एक अनोळखी काकू शाल धरून उभ्या राहिल्या तेव्हा आई गाडीतून उतरली. पार्किंग म्हणजे नुसत्या गाड्या नाहीत, तिथे संडास, दिवे, गाडी वळवायला जागा हे सगळं आलं. घरी बसून नको म्हणणं सोपं आहे.

गियरमधे:
त्या दिवशी निम्म्या गाड्या अडकल्या त्या चालवता येत नाही म्हणून, खरं बोललं की राग येतो. ब्लॅक आइसवर, म्हणजे रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, लोक ब्रेक दाबतात! पहिल्या गियरमधे इंजिनवर उतरवायची असते, ब्रेकला पाय लावायचाच नाही. रात्री हँडब्रेक ओढून ठेवतात, सकाळी तो गोठलेला असतो. गियरमधे ठेवा आणि चाकामागे दगड लावा. बर्फ पडला की पोलीस मनालीजवळच्या नेहरू कुंडाच्या पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात ते काय उगाच?

चाकोरीबाहेर:
माझी फोर बाय फोरच आहे. आणि मी वीस वर्षं गाडी चालवतोय.

गियरमधे:
वीस वर्षं कोरड्या रस्त्यावर. बर्फासाठी चाकांना चेन कधी चढवल्यात का? गळ्यापर्यंत कपडे घालून, हात बधिर झालेले असताना? नसतील तर स्थानिक टॅक्सी करा.

पायपीट:
टॅक्सी करा म्हणे! बर्फ पडला की दर दुप्पट, वर बूट आणि कोट अमुक दुकानातूनच घ्या म्हणून गाडी तिथेच थांबवतात. आमच्याशी चक्क भांडला एक जण, पोरं रडायला लागली. त्यानंतर ठरवलं, गाडी स्वतःचीच.

गियरमधे:
एक भेटला म्हणून सगळे तसे? तो माणूस त्या रस्त्यावर हिवाळाभर जीव धोक्यात घालतो. तुमचं भाडं वाचावं म्हणून तुम्ही अख्खी रांग अडवणार.

पायपीट:
भाषा सांभाळा. मी कोणाची रांग अडवली नाही.

हिमरेषा:
अहो धागा पार्किंगचा आहे, टॅक्सीचं वेगळं काढा की.

मी सिस्सूत होमस्टेला आठ दिवस राहिले. घरच्या ताई सांगत होत्या, टनेल व्हायच्या आधी हिवाळ्यात रस्ता महिनोन्‌महिने बंद, आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघायला लागायची. आता रस्ता आहे तर पर्यटकांच्या गाड्यांमुळे अॅम्ब्युलन्स खोळंबते. पार्किंग हवं म्हणणाऱ्यांनी हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं. आणि धुंधीकडे, टनेलच्या तोंडाशी, वरून हिमस्खलन होतं. चालती गाडी त्या पट्ट्यातून मिनिटात बाहेर पडते, उभी केलेली दिवसभर तिथेच असते आणि तिच्याभोवती पोरं खेळत असतात. जागा कुठली ते आधी बर्फाच्या अभ्यासकांना विचारा, मग डांबर टाका.

डोंगरवाट:
हिमरेषा, हेच म्हणायचं होतं, मला इतकं नीट मांडता आलं नाही.

चाकोरीबाहेर, आईंचं वाचून वाईट वाटलं. ठीक आहे, संडास आणि गाडी वळवायला जागा हवी, एवढं मान्य, त्यावर वाद नाही. पण गाड्या अडवायच्या त्या मनालीच्या बाजूला, सोलंगच्याही खाली, आणि तिथून बस. पलीकडे एकही जागा वाढवू नये या मतावर मी ठाम आहे.

चाकोरीबाहेर:
बस आधी चालवून दाखवा. दर पंधरा मिनिटांनी, परतीची सुद्धा, आणि आईला चढता येईल अशी. हिमस्खलनाचा मुद्दा मी धरला नव्हता, तो बरोबर आहे. आई यंदा परत जायचं म्हणतेय. बस असेल तर बसने जाऊ, नसेल तर गाडीच काढणार, आणि या वेळी चेन घेऊन.