मदत हवी आहे: नेटवर्क स्विचचे सगळे लाइट एकदम फडफडतात, क्लासमधलं काहीच चालत नाही

आर्णीवाली (शुक्रवार, सकाळी ९:४०)
नमस्कार. अर्जंट आहे. परवापासून क्लासमधले कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत, नेट नाही, प्रिंटर नाही. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडतो तो डबा, म्हणजे स्विच, बंद करून चालू केला की अर्धा मिनिट बरं चालतं, मग ठप्प. स्विच बदलून पाहिला, तेच. सोमवारपासून आमच्याकडे परीक्षा आहे. यवतमाळचा माणूस म्हणतो मंगळवारी येतो. मंगळवारी येऊन काय त्याची आरती ओवाळू? कुणी लवकर सांगेल का?

केबलकाका (९:५२)
कॉम्प्युटर किती? हब आहे की स्विच? किती पोर्टचा? राउटर कुठे जोडलाय? "चालत नाही" एवढ्यावर डॉक्टरही गोळी देत नाही.

सावजीरस्सा (९:५८)
काहून टेन्शन घेता भौ, व्हायरस हाये तो. माह्या दुकानात असंच झालं होतं. सगळे फॉरमॅट मारले, तवा कुठं जमलं.

आर्णीवाली (१०:१०)
मी भौ नाही, बाई आहे. आणि परीक्षेच्या तीन दिवस आधी १४ कॉम्प्युटर फॉरमॅट मारू?
काका, स्विच आहे. राउटर पुढच्या खोलीत, स्विचला जोडलेला. एक गंमत सांगते. राउटरमधून स्विचची वायर काढली की मोबाइलवर वायफाय एकदम मस्त. वायर घातली की मोबाइलही मेला.

वर्धेकर (१०:१४)
वायर ओढण्याचे दिवस गेले हो ताई. दोन चांगले वायफायचे डबे घ्या, प्रत्येक कॉम्प्युटरला एक डोंगल, विषय संपला. मी आमच्या लॉजमध्ये तेच केलं, तीन वर्षं झाली, बघायची गरज पडली नाही.

केबलकाका (१०:२०)
लॉजमध्ये लोक झोपायला येतात. १४ पोरं एकदम पेपर सोडवत नाहीत. वायफायवर हवा सगळ्यांची एकच, एक बोलतो तेव्हा बाकीच्यांनी थांबायचं. परीक्षेला वायरच.
ताई, वायर घातली की मोबाइलही मरतो हे महत्त्वाचं आहे. म्हणजे स्विचकडून राउटरवर काहीतरी धो धो येतंय. लाइट नेमके कसे लुकलुकतात?

जुना_खांब (१०:३१)
लाइटवरून आठवलं. अमरावतीला कॉलेजात असताना आमच्या लॅबमध्ये गोल काळी कोॲक्स वायर होती, एकच, सगळ्या कॉम्प्युटरच्या मागून गेलेली. तिला बस म्हणायचे. एका टप्प्याला १८५ मीटरची मर्यादा. दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी लावावी लागे, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत येई आणि सगळी लॅब बंद. एक पोट्टा मुद्दाम टोपी खिशात घालून चहाला जायचा. तास रद्द. ताई, टोप्या आहेत का बघा.

केबलकाका (१०:३५)
खांबराव, त्यांच्याकडे स्विच आहे, म्हणजे स्टार. प्रत्येक कॉम्प्युटरची वायर वेगळी, मधे स्विच. टोपी कुठून आली?

जुना_खांब (१०:३७)
माहिती म्हणून सांगितलं.

पऱ्हाटी (१०:४४)
माझाही एक प्रश्न. घरून ग्रामपंचायतीपर्यंत १३० मीटर वायर न्यायची आहे. कॅट सिक्स (नेटवर्कची तांब्याची वायर) चालेल का? वेगळा धागा काढत नाही.

आर्णीवाली (११:०५)
काका, सगळे लाइट एकदम, एका तालात, एकसारखे फडफडतात. आधी कधी एक, कधी दुसरा असं व्हायचं. एकेक कॉम्प्युटरची वायर काढून पाहिली. शेवटी पुढच्या स्विचला एकही कॉम्प्युटर नव्हता, तरी फडफड चालूच.

केबलकाका (११:०८)
"पुढच्या स्विचला"? म्हणजे मागचाही आहे?

आर्णीवाली (११:१२)
हो, दोन खोल्या आहेत ना. पुढे ८ पोर्टचा, मागे १६ पोर्टचा. मधे वायर आहे.

केबलकाका (११:१३)
मधे किती वायरी?

आर्णीवाली (११:१९)
दोन. आधी एकच होती. दिवाळीच्या रंगकामाला सगळं काढलं होतं, परत लावताना दीरांनी दुसरीही टाकली. एक उंदरानं कुरतडली तर दुसरी राहील, आणि एका बैलापेक्षा जोडी बरी, स्पीड वाढेल म्हणाले. पण ती नवीकोरी वायर आहे, दोन्ही टोकांना लाइट लागतो. तिचा काय संबंध?

केबलकाका (११:२०)
ताई!!! हे पहिल्या ओळीत हवं होतं. दोनातली एक काढा. कुठलीही. आत्ता.

वर्धेकर (११:२६)
दोन वायरी लावता येतात की. कंपन्यांमध्ये सर्रास लावतात, स्पीडही वाढतो.

केबलकाका (११:४१)
लावतात. पण दोन्हीकडचे स्विच मॅनेज्ड, म्हणजे आत सेटिंग करता येणारे, लागतात, आणि "या दोन वायरी एकच समजा" असं दोघांनाही आत जाऊन सांगावं लागतं. साध्या स्विचला ते कळत नाही.
ताईंकडे काय झालं ते सांगतो. कुठला कॉम्प्युटर कुठल्या पोर्टवर आहे ते स्विच लक्षात ठेवतो, म्हणून एरवी निरोप नेमक्या पोर्टवर जातो. पण काही निरोप सगळ्यांसाठी असतात, "अमुक पत्ता कुणाचा आहे?" असे. तो निरोप ज्या पोर्टवरून आला ते सोडून बाकी सगळ्यांवर सोडला जातो. आता मधे दोन वायरी. मागच्या स्विचनं दोन्हींवरून पाठवला, पुढच्याला दोनदा मिळाला. एका वायरीवरून आलेला त्यानं दुसरीवरून परत मागे धाडला, दुसरीवरचा पहिलीवरून. तिकडून पुन्हा इकडे. रहाटगाडगं. प्रत्येक फेरीला त्याची प्रत सगळ्या कॉम्प्युटरकडे आणि राउटरकडेही जाते. म्हणून लाइट एका तालात, म्हणून मोबाइलही मेला. स्विच बंद करून चालू केला की गाडगं थांबतं, नवा निरोप आला की पुन्हा सुरू.

जुना_खांब (११:५०)
असा निरोप मरत कसा नाही? इंटरनेटवर तर आयुष्य ठरलेलं असतं.

केबलकाका (११:५८)
ते आयपीला, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपाला. प्रत्येक राउटर त्यातला एक आकडा कमी करतो, शून्य झाला की फेकून देतो. इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे आपल्या वायरीवर निरोप ज्या पाकिटात जातो त्यावर, असा आकडाच नाही, आणि स्विच ती जशीच्या तशी पुढे ढकलतो. यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन या बाईंनी स्पॅनिंग ट्री काढलं. स्विच आपसांत बोलून जास्तीची वाट बंद ठेवतात, पहिली तुटली की ती उघडतात. दीरांच्या मनात होतं ते हेच, फक्त त्यांच्या डब्यात ते नाही.

सावजीरस्सा (१२:०३)
एवढं वाचण्यापरिस फॉरमॅट लवकर होते.

आर्णीवाली (१२:३०)
चालू झालं!!! वायर उपसली तसे लाइट शांत. दीर बाजूलाच उभे होते, काही बोलले नाहीत, वायर गुंडाळून खुंटीला टांगली. ११ कॉम्प्युटर छान. तीनांवर मात्र अजून नेट नाही, त्यांचा आयपी पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो. बाकीच्यांचा १९२.१६८ आहे.

केबलकाका (१२:३४)
१६९.२५४ म्हणजे राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून कॉम्प्युटरनं स्वतःच एक घेतला. ते तीन कुठे बसतात? सगळे एकाच टेबलावर?

आर्णीवाली (१२:३९)
हो, खिडकीजवळच्या. टेबलाखाली एक पाच पोर्टचा छोटा डबा आहे, तो सांगायचा राहिला. त्याच्यातून मागच्या स्विचला एक वायर जाते.

केबलकाका (१२:४०)
अजून काय काय राहिलंय ताई? विहिरीत एखादा स्विच आहे का? त्या डब्याची मागच्या स्विचला जाणारी वायर दोन्ही टोकांना बघा.

आर्णीवाली (१२:५५)
मागच्या टोकाला क्लिप तुटलेली होती, वायर नुसती टेकली होती. दुसरी वायर घातली, तीन कॉम्प्युटर परत चालू केले, आयपी आले. १४ च्या १४. काका, आर्णीकडे आलात तर जेवायला या. वर्धेकरांनी पण यावं, वायफाय देते.

वर्धेकर (१३:०१)
येतो. डोंगल घेऊन येतो.

केबलकाका (१३:०६)
रविवारी पोरं बसवून एकदा सगळे कॉम्प्युटर एकदम चालवून बघा. आणि त्या टांगलेल्या वायरीला चिठ्ठी लावा, पुढच्या दिवाळीला कुणीतरी पुन्हा घालेल.

पऱ्हाटी (१३:२०)
१३० मीटरचं राहिलं.

केबलकाका (१३:२८)
तांब्याच्या वायरीला १०० मीटरची मर्यादा. मधे कुठे स्विच ठेवलात तर लांबी भागेल, पण दोन इमारतींमधे उघड्यावरून तांबं नेऊ नका, वीज कडाडली की दोन्हीकडचे डबे जातात. फायबर, म्हणजे काचेची तार, टाका, त्यातून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी वायर जोडणारा डबा.

पऱ्हाटी (१३:३१)
मधे लिंबाचं झाड आहे. स्विच झाडाला टांगला तर?